खोळंबा झाला तर काउंटरवर काय बोलायचं? पहिल्या परदेश प्रवासासाठी इंग्रजीची तयारी

मुलाकडे किंवा मुलीकडे पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या आई-बाबांची तयारी कागदपत्रांपासून मेतकुटापर्यंत चोख असते. इंग्रजीचं मात्र ‘तेवढं येतं, निभावून नेऊ’ यावर सोडलेलं असतं. सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर निभावतंही. विमानतळावर पाट्या असतात, बाणांमागे चालत राहिलं की गेट सापडतं. अडतं ते विमान चुकल्यावर, बॅग न आल्यावर, परक्या गावात मध्यरात्री छातीत दुखायला लागल्यावर. समोरचा माणूस घाईत असतो, मागे रांग खोळंबलेली असते, आणि येत असलेलं इंग्रजीही घशातच राहतं.

हा लेख त्या वेळेसाठी आहे. मुंबईहून निघून, मध्ये एकदा विमान बदलून अमेरिकेत उतरणारा प्रवासी मी डोळ्यांसमोर ठेवला आहे, पण बरीचशी वाक्यं कुठल्याही देशात चालतील. ती देवनागरीत दिली आहेत, म्हणजे मोठ्याने वाचता येतील. कृपा करून मोठ्यानेच वाचा. मनात वाचलेलं वाक्य काउंटरवर आठवत नाही.

पहिली पायरी: बोलण्याचा क्रम

अडचण सांगताना आपण मुळापासून सुरुवात करतो. घरातून कधी निघालो, मुंबईत काय सांगितलं होतं, जावई काय म्हणाले होते. काउंटरवरच्या माणसाला यातलं काही नको असतं. त्याला तीनच गोष्टी कळायला हव्यात: काय झालं, त्यामुळे तुमचं काय अडलं, आणि तुम्हाला त्याच्याकडून काय हवंय. यातली तिसरी गोष्ट प्रश्न म्हणून विचारा. नुसतं ‘माय फ्लाइट इज कॅन्सल्ड’ म्हणून थांबलात, तर ‘आय अ‍ॅम सॉरी’ म्हणून तो पुढच्या प्रवाशाकडे वळू शकतो. प्रश्न विचारला की त्याला उत्तर द्यावं लागतं.

‘माय फ्लाइट वॉज कॅन्सल्ड. आय हॅव टु बी इन शिकागो टुमॉरो. व्हॉट आर माय ऑप्शन्स?’

सगळ्या लेखातून एकच वाक्य पाठ करायचं असेल, तर ‘व्हॉट आर माय ऑप्शन्स?’ हे करा. यात तक्रारीचा सूर नाही, गयावया नाही, आणि समोरच्याला संगणक उघडून एकेक पर्याय सांगावाच लागतो.

मराठीत ‘जरा बघता का’ म्हटलं की अदब आपोआप येते. तेच मनातल्या मनात इंग्रजीत नेलं की ‘गिव्ह मी’, ‘आय वाँट’ असं बाहेर पडतं आणि हुकूम सोडल्यासारखं ऐकू येतं. म्हणून मागणीची सुरुवात कायम ‘कुड यू प्लीज’ने करायची सवय लावा: ‘कुड यू प्लीज चेक?’, ‘कुड यू प्लीज हेल्प मी?’, ‘कुड यू प्लीज कॉल माय डॉटर?’

कळलं नाही तर मान डोलवू नका. संकोचाने म्हटलेल्या एका ‘येस, येस’मुळे माणसं चुकीच्या गेटवर जाऊन बसतात. ‘सॉरी, कुड यू से दॅट मोअर स्लोली, प्लीज?’ असं विचारण्यात कमीपणा नाही, तिथे रोज शेकडो जण विचारतात. तरीही कळलं नाही तर कागद-पेन पुढे करा: ‘कुड यू राइट इट डाउन फॉर मी, प्लीज?’ आणि जे कळलं ते त्यालाच परत म्हणून दाखवा: ‘सो, गेट बी ट्वेंटी-टू, सिक्स फॉर्टी. इज दॅट राइट?’

पुढचं विमान चुकतंय किंवा चुकलं

पहिलं विमान उशिरा निघालं, की उतरायची वाट बघू नका. विमानातच हवाईसेविकेला बोर्डिंग पास दाखवून सांगा: ‘माय नेक्स्ट फ्लाइट लीव्ज अ‍ॅट सिक्स फॉर्टी. विल आय मेक इट?’ इथे ‘मेक इट’ म्हणजे वेळेत पोचणं. कधीकधी अशा प्रवाशांना आधी उतरू देतात, कधी दारातच कर्मचारी नावाची पाटी घेऊन उभा असतो. सुरक्षा तपासणीच्या रांगेत उशीर होत असेल, तर पुढच्या लोकांना ‘एक्सक्यूज मी, माय फ्लाइट इज बोर्डिंग नाउ. मे आय गो अहेड?’ असं विचारता येतं. बहुतेक जण जाऊ देतात.

व्हीलचेअर घेतली असेल तर वेगळीच काळजी असते. मदतनीस तुम्हाला एका कोपऱ्यात बसवून ‘समवन विल कम’ म्हणून निघून जातो. त्याला जाऊ देण्याआधी विचारा: ‘हू विल टेक मी टु द गेट, अँड अ‍ॅट व्हॉट टाइम?’ वेळ विचारून घेतली की वाट किती बघायची आणि हाक कधी मारायची ते ठरवता येतं.

विमान चुकलंच, तर विमानकंपनीच्या ट्रान्सफर डेस्कवर जा. सगळा प्रवास एकाच बुकिंगवर असेल तर पुढची सोय करणं त्यांचं काम आहे: ‘आय मिस्ड माय कनेक्शन बिकॉज युअर फ्लाइट वॉज लेट. इट्स ऑल वन बुकिंग. कुड यू प्लीज रीबुक मी?’ दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर हा हक्क सहसा राहत नाही, म्हणून मुलांनी स्वस्त पडतं म्हणून तुकड्यातुकड्याने तिकीट काढलं असेल तर ते आधीच माहीत करून घ्या.

इथे व्हिसाचा एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. नवं तिकीट देताना कर्मचारी कधीकधी फ्रँकफर्टहून पॅरिस आणि तिथून अमेरिका, असा मार्ग देतो. शेन्गेन म्हणजे एकच सामायिक व्हिसा चालणारे युरोपातले देश. त्यांच्यामधल्या दोन विमानतळांवरून जायचं म्हणजे शेन्गेन हद्दीत प्रवेश करणं आलं, आणि भारतीय पासपोर्टवर त्यासाठी शेन्गेन व्हिसा लागतो. तेव्हा तिकीट हातात घेण्यापूर्वीच सांगा: ‘आय हॅव अ‍ॅन इंडियन पासपोर्ट अँड अ यूएस व्हिसा. आय डोन्ट हॅव अ शेन्गेन व्हिसा. इज धिस रूट ओके फॉर मी?’ रात्र काढायची वेळ आली तरी हीच अडचण येते. व्हिसा नसेल तर विमानतळाबाहेरच्या हॉटेलात जाता येत नाही. तेव्हा ‘इज देअर अ होटेल इनसाइड द ट्रान्झिट एरिया?’ असं विचारा. तसं हॉटेल नसेल तर ‘कुड यू गिव्ह अस ब्लँकेट्स अँड मील व्हाउचर्स?’

मील व्हाउचर मागायला लाजू नका. युरोपियन युनियनमधल्या विमानतळावरून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला २००४चा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो. ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या उड्डाणाला चार तास किंवा जास्त उशीर झाला तर खाणं-पिणं आणि गरज पडल्यास रात्रीची सोय कंपनीने करायची असते. हवामान खराब असलं तरी ही सोय द्यावीच लागते. हवामानामुळे रद्द होते ती वेगळी रोख भरपाई. ‘वी हॅव बीन वेटिंग फॉर फाइव्ह अवर्स. आर वी एन्टायटल्ड टु मील्स?’ यातला ‘एन्टायटल्ड’ हा शब्द जिभेवर बसवा. आपण उपकार मागत नसून हक्काचं विचारतोय, हे त्या एका शब्दातून सभ्यपणे कळतं.

बॅग आली नाही

पट्टा थांबला, सगळे गेले, तुमची बॅग नाही. विमानतळाबाहेर पडू नका. मुलगी बाहेर वाट बघत असली तरी तिला फोन करून थांबायला सांगा आणि ‘बॅगेज सर्व्हिसेस’ अशी पाटी असलेल्या खोलीत जा. अमेरिकेत पुढे आणखी एक देशांतर्गत विमान असलं, तरी बॅग बहुतेक वेळा पहिल्याच विमानतळावर ताब्यात घेऊन कस्टममधून न्यावी लागते आणि पुन्हा सोपवावी लागते. त्यामुळे ‘बॅग थेट पुढे गेली असेल’ असं मनाशी ठरवून टाकू नका.

खिडकीवरचं बोलणं साधारण असं होतं.

‘हाय. माय बॅग डिड नॉट अराइव्ह. हिअर इज माय टॅग.’ (मुंबईत बोर्डिंग पासमागे चिकटवलेली ती छोटी पट्टी म्हणजे टॅग. ती फेकू नका.)

‘कॅन यू डिस्क्राइब द बॅग?’

इथे ‘बिग बॅग, ब्लू कलर’ एवढं पुरत नाही. ‘इट्स अ लार्ज, डार्क ब्लू, हार्ड-शेल सूटकेस विथ फोर व्हील्स. देअर इज अ रेड रिबन ऑन द हँडल.’ कापडी असेल तर ‘सॉफ्ट-साइडेड’. निघण्याआधी बॅगेचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा, म्हणजे ‘हिअर इज अ पिक्चर’ म्हणून अर्धं काम होतं.

‘नेम?’

इथे आपल्याकडची नावं गोंधळ घालतात. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून ‘गिव्हन नेम’ असतं. ‘सुनंदा वसंत वाघमारे’ या बाईंना कधीकधी कर्मचारी ‘मिस वसंत’ म्हणून शोधत बसतो. ‘माय लास्ट नेम इज वाघमारे’ असं आधी सांगा आणि अक्षरं सुटी करून सांगा. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ आपण सारखेच उच्चारतो, ‘बी’ आणि ‘पी’ फोनवर सारखेच ऐकू येतात. म्हणून ‘डब्ल्यू अ‍ॅज इन वॉशिंग्टन, ए अ‍ॅज इन अ‍ॅपल, जी अ‍ॅज इन जॉर्ज’ असं, सगळ्यांना माहीत असलेल्या शब्दांवरून. ‘एन फॉर नागपूर’ तिथे उपयोगाचं नाही. आपल्या आडनावाची ही यादी घरूनच लिहून न्या.

मग तो एक अर्ज भरून घेईल. त्याला प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट, थोडक्यात पीआयआर, म्हणतात. त्याची प्रत किंवा क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका: ‘कुड आय हॅव अ कॉपी ऑफ द रिपोर्ट, प्लीज?’ पुढचे दोन प्रश्न विचारायचेच: ‘विल यू डिलिव्हर इट टु धिस अ‍ॅड्रेस?’ आणि ‘माय मेडिसिन्स आर इन द बॅग. कॅन आय बाय व्हॉट आय नीड अँड क्लेम इट?’ खरेदीच्या पावत्या जपून ठेवा. औषधं मुळात हातातल्या बॅगेतच असावीत, पण वरच्या कप्प्यात जागा नाही म्हणून ती बॅगही आयत्या वेळी विमानाच्या पोटात टाकायला घेतात. तेव्हा लगेच म्हणा: ‘वन मिनिट, प्लीज. आय नीड टु टेक आउट माय मेडिसिन्स.’

बॅग फुटलेली आली तर सात दिवसांत, उशिरा आली तर हातात पडल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करायची असते. भारतालाही लागू असलेल्या १९९९च्या मॉन्ट्रियल करारातली ही मुदत आहे. २१ दिवस उलटूनही आली नाही तर ती हरवली असं धरून दावा करता येतो. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे सुमारे २,००० डॉलर आहे. फोनवरच्या बोलण्यावर विसंबू नका, ईमेल करा.

तपासणीच्या टेबलावर

इथे शब्दांपेक्षा ‘येस’ आणि ‘नो’ जास्त घोटाळा करतात. अधिकारी विचारतो, ‘यू डोन्ट हॅव एनी फूड?’ आपण मराठी सवयीने ‘येस’ म्हणतो, म्हणजे ‘बरोबर, नाहीये’. त्याला मात्र ‘आहे’ असं ऐकू येतं. म्हणून एकट्या ‘येस’वर थांबू नका, पूर्ण बोला: ‘नो, आय डोन्ट’ किंवा ‘येस, आय डू’. दुसरा सापळा ‘डू यू माइंड इफ आय ओपन धिस?’चा. याला ‘येस’ म्हटलं तर ‘माझी हरकत आहे’ असा अर्थ होतो. ‘नो प्रॉब्लेम, गो अहेड’ म्हणा.

खाण्याचं असेल तर खरं सांगा. लपवलेलं सापडणं सगळ्यात वाईट. ‘येस, आय हॅव होममेड स्वीट्स, पिकल अँड स्पाइस पावडर्स. नो मीट, नो फ्रेश फ्रूट, नो सीड्स.’ लाडू किंवा गोडा मसाला काय आहे हे समजावत बसू नका. ‘स्वीट्स मेड ऑफ फ्लाउअर अँड शुगर’ एवढं पुरतं. काही काढून टाकलं तर टाकू द्या.

वेगळ्या खोलीत बसवलं तर घाबरून जाऊ नका, पुष्कळांना बसवतात. प्रश्न कळत नसेल तर अंदाजाने उत्तर देऊ नका: ‘आय डोन्ट अंडरस्टँड द क्वेश्चन. कुड आय हॅव अ हिंदी ऑर मराठी इंटरप्रिटर, प्लीज?’

तब्येत बिघडली

याला मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे, कारण आपलं रोजचं इंग्रजी इथे दगा देतं. पुण्याच्या डॉक्टरला ‘मला शुगर आहे, बीपी आहे, लूज मोशन्स होतायत’ हे लगेच कळतं. शिकागोच्या नर्सला ‘आय हॅव शुगर’ म्हटलं तर ती बुचकळ्यात पडेल. तिथे असं बोला:

शुगर: ‘आय हॅव डायबिटीस. आय टेक इन्सुलिन.’
बीपी: ‘आय हॅव हाय ब्लड प्रेशर.’
लूज मोशन्स: ‘आय हॅव डायरिया, सिन्स लास्ट नाइट.’
उलट्या: ‘आय हॅव बीन थ्रोइंग अप.’
अ‍ॅसिडिटी, जळजळ: ‘आय हॅव हार्टबर्न.’
चक्कर: ‘आय फील डिझी.’
हाताला मुंग्या: ‘माय लेफ्ट आर्म इज टिंगलिंग.’ बधिर झाला असेल तर ‘इट हॅज गॉन नम’.
दम लागणं: ‘आय अ‍ॅम शॉर्ट ऑफ ब्रेथ.’
छातीत दाब: ‘आय हॅव प्रेशर इन माय चेस्ट.’ हे कधीही ‘गॅसेस असतील’ म्हणून सौम्य करून सांगू नका. गॅसेस आहेत की आणखी काही, ते त्यांना ठरवू द्या.

प्रत्येक वाक्याला कधीपासून ते जोडा: ‘इट स्टार्टेड अ‍ॅन अवर अगो.’ अ‍ॅलर्जी असेल तर विचारायची वाट न बघता सांगा: ‘आय अ‍ॅम अलर्जिक टु पेनिसिलिन.’

औषधांची ब्रँडनावं परदेशात चालत नाहीत, मूळ नावं लिहून न्या. त्यातही फरक असतो. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन या नावाने मिळतं, आणि दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल. फार्मसीत विचारायचं वाक्य: ‘आय अ‍ॅम फ्रॉम इंडिया अँड आय हॅव रन आउट ऑफ धिस मेडिसिन. डू आय नीड अ प्रिस्क्रिप्शन फॉर इट हिअर?’

तातडीचा फोन अमेरिकेत ९११, युरोपियन युनियनमध्ये ११२, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. फोन लागताच बहुतेकदा आधी पत्ता विचारतात, म्हणून पत्त्यानेच सुरुवात करा. मुलीच्या घराचा पूर्ण पत्ता फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवायला सांगा. ‘द अ‍ॅड्रेस इज...’ मग ‘माय हजबंड कॅनॉट ब्रीद वेल. ही इज सेव्हंटी-वन. ही हॅज अ हार्ट कंडिशन.’ आणि त्यांनी सांगितल्याशिवाय फोन ठेवू नका. शब्द सुचेनासे झाले तर ‘हिंदी इंटरप्रिटर, प्लीज’ एवढं म्हणा.

खर्चाच्या भीतीने दुखणं अंगावर काढणारे आई-बाबा पुष्कळ आहेत, म्हणून हेही सांगते. अमेरिकेत १९८६पासून असा कायदा आहे की इमर्जन्सी विभाग असलेल्या जवळजवळ सगळ्याच रुग्णालयांना, पैसे भरायची ऐपत न विचारता, आलेल्या रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करावी लागते. बिल नंतर येतंच, आणि ते मोठं असतं. त्यासाठी प्रवासविमा घ्या आणि त्यातला मदतीचा फोन क्रमांक वेगळा लिहून ठेवा. रुग्णालयात ‘आय हॅव ट्रॅव्हल इन्शुरन्स. कुड यू प्लीज कॉल धिस नंबर?’ असं म्हणून कार्ड पुढे करा. सोबत ‘कुड आय हॅव अ‍ॅन इंटरप्रिटर?’ हेही विचारा. सरकारी निधी घेणाऱ्या तिथल्या रुग्णालयांना दुभाष्याची सोय फुकट द्यावी लागते, बहुधा फोनवर किंवा पडद्यावर.

पासपोर्ट, कार्ड, हॉटेल

पासपोर्ट हरवला तर आधी पोलीस, मग भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. पोलिसांकडे: ‘आय वुड लाइक टु रिपोर्ट अ लॉस्ट पासपोर्ट. आय नीड अ कॉपी ऑफ द रिपोर्ट फॉर द इंडियन कॉन्सुलेट.’ चोरीची खात्री असेल तरच ‘स्टोलन’ म्हणा. लगेच परतायचं असेल तर दूतावासाकडून इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण ते फक्त भारतात परत येण्यासाठी चालतं. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो ईमेलमध्ये असले की हे सगळं बरंच सोपं होतं.

कार्ड चाललं नाही तर ‘कुड यू ट्राय इट वन्स मोअर?’ मशीनने रुपये की स्थानिक चलन असं विचारलं तर ‘लोकल करन्सी, प्लीज’, कारण रुपयांत दर महाग लावतात.

हॉटेलात ‘आय कान्ट फाइंड युअर रिझर्व्हेशन’ म्हणाले तर दोन गोष्टी तपासायला सांगा. एक, नाव: ‘कुड यू चेक अंडर माय फर्स्ट नेम?’ दोन, तारीख. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे ०५/०६ म्हणजे तिथे सहा मे. तारीख कायम महिन्याचं नाव घेऊन सांगा: ‘जून फिफ्थ’. खोलीच नसेल तर ‘आय हॅव अ कन्फर्म्ड बुकिंग. कुड यू फाइंड अस अ रूम निअरबाय, अ‍ॅट द सेम प्राइस?’

भाड्याची गाडी घेतलीत तर स्टेपनीला अमेरिकेत ‘स्पेअर टायर’, पंक्चरला ‘फ्लॅट टायर’ आणि डिकीला ‘ट्रंक’ म्हणतात.

निघण्याआधी

आठवडाभर रोज संध्याकाळी मुलाला किंवा मुलीला फोनवर काउंटरवरचा माणूस व्हायला सांगा. त्यांनी भरभर बोलायचं, मध्येच तोडायचं, ‘हँग ऑन’ म्हणून मिनिटभर गप्प बसायचं. तुम्ही थांबवून हळू बोलायला लावायचं आणि शेवटी ‘व्हॉट आर माय ऑप्शन्स?’ विचारायचं. फोनवर यंत्राचा आवाज आला तर माणसाशी जोडून द्यावं म्हणून ‘रेप्रेझेंटेटिव्ह’ एवढा एकच शब्द म्हणायचा, हेही एकदा करून बघा.

मग एका कार्डावर आपल्या आडनावाची अक्षरं, औषधांची मूळ नावं, आजारांची इंग्रजी नावं, विम्याचा क्रमांक आणि उतरायचा पत्ता लिहा. दोन प्रती करा, नवराबायकोने एकेक ठेवायची. एक कुर्त्याच्या किंवा शर्टाच्या खिशात, एक पर्समध्ये. सामानाच्या बॅगेत ठेवू नका.